पूर्वेस डॉट नेट, पश्चिमेस डॉट ऑर्ग

माझ्या धंद्याचा पहिला नियम असा होता की, जे विकत घ्यायचं त्याचं नाव तोंडातून बाहेर काढायचं नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरून मोठ्यानं नाव सांगायला लागलं की मी हात वर करून त्याला गप्प करायची आणि कागद-पेन पुढं सरकवायची. काम झालं की कागद फाडायचा. जुन्या बायका नवऱ्याचं नाव का घेत नसत हे मला कधी पटलं नाही. पण इंटरनेटवरचं नाव का घ्यायचं नाही, हे मी पुराव्यानिशी सांगू शकते. घेतलं की जातं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं 'कांबळे सायबर' होतं. पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सवाला, वर शिकवणीचे वर्ग. ती जागा मूळची माझ्या वडिलांच्या टायपिंग क्लासची. मशिनं मोडीत गेली आणि मी तिथं चार कॉम्प्युटर मांडले, तेव्हा वडील म्हणाले, "बोर्डावर आडनाव कशाला? 'प्रगती' लिही, 'नवयुग' लिही. आडनाव वाचून गिऱ्हाईक पायरीवरनं परत जातंय, मी बघितलंय." त्यांनी खरंच बघितलं होतं. म्हणून मी आडनाव लिहिलं, आणि रंगाऱ्याला सांगून अक्षरं हातभर मोठी काढून घेतली. ज्याला परत जायचंय त्याला लांबूनच दिसावं, उगीच जिना चढायचा त्रास नको.

तासावर कॉम्प्युटर देऊन पोट भरत नव्हतं, म्हणून मी डोमेन विकायला लागले. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, "सून डोमेनं विकती," आणि पाहुण्यांना वाटे की पंपाचे सुटे भाग असावेत. खरं तर गोष्ट सोपी आहे. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर त्याला एक पत्ता लागतो. अमुकतमुक, आणि पुढं डॉट कॉम. एक नाव जगात एकालाच मिळतं. आधी येईल त्याचं. दरवर्षी फी भरायची; विसरलात की नाव सुटलं, दुसरा उचलतो. ना सातबारा, ना खरेदीखत, ना साक्षीदार. मुरगूडच्या एका दूधवाल्यांनी नाव घेतल्यावर मला विचारलं होतं, "ताबा कधी देताय?" मी म्हटलं, दिला की. ते बराच वेळ पडद्याच्या मागं वाकून बघत होते.

चांगली नावं, म्हणजे लहान, गोड, एका शब्दाची, ती आपण झोपेत असताना परदेशातल्या लोकांनी घेऊन ठेवली होती. त्यांना प्रीमियम म्हणायचं. असली नावं विकायचे ऑनलाइन बाजार असत. तिथं नावापुढं किंमत लिहिलेली, आणि किंमत अशी की बघून पाणी प्यावं. पण मधेच एखादं असलंच सुंदर नाव अगदी मातीमोल किमतीत दिसायचं. गिऱ्हाईक उड्या मारायला लागायचं आणि मी पदर खोचायची. कारण म्हैस चांगली आणि किंमत कमी असेल, तर एक तर ती लाथ मारते, नाहीतर विकणाऱ्याची नसते.

नावांचंही तसंच. कधी विकणारा मालकच नसायचा. कधी पहिल्या वर्षाची किंमत तेवढी स्वस्त आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाला घर गहाण टाकायची पाळी. आमच्या गल्लीतल्या एका दंतवैद्यांनी माझं न ऐकता तसलं नाव घेतलं आणि वर्षानं आकडा बघून स्वतःचीच दाढ धरून बसले. आणि कधी नाव बदनाम असायचं. एका भजनी मंडळानं घेतलेलं स्वस्त नाव आधी जुगाराच्या अड्ड्याचं निघालं. मंडळाच्या अध्यक्षांना रोज पत्रं यायची, 'आज तुमचं नशीब उघडणार'. मला लाज वाटली, मी बदलून देते म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "असू दे की बाई, सकाळी सकाळी बरं वाटतंय."

हे सगळं सांगायचं कारण बाळूअण्णा.

बाळूअण्णा कबनूरचे. घरचे यंत्रमाग, टॉवेल विणायचे. माणूस धिप्पाड, आवाज मागावरचा; मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं कानात सांगायची गोष्टही गल्लीला ऐकू जायची. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक टॉवेल काढून माझ्या कीबोर्डवर पसरला.

"हात लावून बगा."

मी लावला. जाड, मऊ, छान होता.

"ह्यो माझा. आता हिकडं बगा." त्यांनी कोपरा उलटा केला. तिथं चकचकीत लेबल शिवलेलं होतं, त्यावर भलतंच नाव. "हे आमचा माल उचलणाऱ्या विलासरावांच्या पोराचं नाव. बापाच्या वक्तापास्नं आमी इणतोय, आन् विलासराव लेबल लावून इकतोय. धंदा हाय, मी काय बोललो न्हाय. पण गेल्या म्हयन्यात पावण्यांच्यात लग्नाला गेलतो. मला आहेर केला. टॉवेल-टोपी. टॉवेल उघडला तर माझाच की! माझाच टॉवेल मला आहेर, आन् वर नाव विलासरावाच्या पोराचं. ज्येवान ग्वाड लागलं न्हाय बाई मला."

हे ऐकून मी हसले, आणि लगेच हसू आवरलं. कारण आमचा बोर्ड मला डोळ्यांपुढं दिसला. या माणसाला काय हवंय हे त्यानं पुढं सांगायची गरज नव्हती. त्याला आपल्या टॉवेलवर आपल्या मालकीचं नाव हवं होतं. त्याच नावाची वेबसाइट हवी होती, म्हणजे विलासरावांना वळसा घालून थेट परदेशी माल धाडता येईल.

आम्ही बाजारातली नावं बघायला बसलो. पसंत पडतील तेवढी मी कागदावर उतरवून दिली. अण्णांनी तो कागद घरी नेला, कारण शेवटचा शब्द अव्वांचा. अव्वा म्हणजे त्यांची आई. घरातला पहिला माग तिनं दागिने मोडून आणलेला. चार दिवसांनी अण्णा कागद घेऊन आले. एक सोडून सगळ्या नावांवर काट मारलेली होती.

"अव्वाच्या तोंडात बसलं ते एवडंच. बाकीची इंग्लिश नावं म्हणताना तिची कवळी हालती. जे नाव माझ्या आईला म्हणता येत न्हाय ते मला नको."

आणि ते नाव नेमकं स्वस्तातलं होतं. लहान, गोड, टॉवेलला शोभेल असं. आणि किंमत सुताच्या एका गाठोड्याएवढी. मी पदर खोचला.

मालकाची नोंद तपासली, ती खरी होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातले एक गृहस्थ. नूतनीकरणाचा दर साधाच. मग मी इंटरनेटवरची जुनी पानं जपून ठेवणारी जी साइट असते, तिच्यावर गेले, आणि या नावाखाली आधी काय होतं ते उघडलं. उघडलं आणि खुर्ची वळवून दाराकडं तोंड करून बसले. बाई माणूस मी. अण्णा वयानं मोठे. सांगायचं कसं?

"अण्णा, ह्या नावावर आधी एक क्लब होता. परदेशी लोकांचा."

"कसला? रमीचा?"

"नाही. हे लोक सुट्टीत एका तळ्याकाठी जमायचे. आणि... कपडे घालायचे नाहीत."

अण्णांनी जरा विचार केला. "गरीब हायत?"

"गरीब नाहीत हो. आवड आहे त्यांना."

"आवड?" त्यांचा आवाज खाली झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला. "कपडे न घालायची? थंडी वाजत न्हाय त्यास्नी?"

"ते मला कसं ठाऊक असणार!"

"दावा."

मी दाखवलं. त्या काळी टेलिफोनच्या लाइनवर चित्र एकदम येत नसे, वरून खाली इंच-इंच उतरायचं. आधी आकाश आलं. मग झाडं. मग काही पांढरी डोकी, काही टकलं. सगळी माणसं उतारवयातली, आमच्याकडं पाठ करून तळ्याकडं बघत उभी. मग खांदे आले, पाठी आल्या, आणि कंबरेच्या आसपास लाइन तुटली. राजारामपुरीच्या टेलिफोननं मला आयुष्यभर छळलं, पण त्या दिवशी त्यानं माझी अब्रू राखली.

अण्णा मात्र नाक पडद्याला लावून बघत होते. "बाई, खांद्यावर काय हाय बगा की त्यांच्या. टॉवेल हाय!" आणखी वाकले. "इणकाम ढिलं हाय. एका धुण्यात जाणार."

क्लब बंद पडला होता, सभासद थकले होते, आणि नोंदीतल्या त्या गृहस्थांना, म्हणजे क्लबच्या खजिनदाराला, ते नाव एकदाचं कुणाच्या तरी गळ्यात मारायचं होतं. स्वस्ताईचं रहस्य एवढंच. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण आज-उद्या ठरवा, आणि तोवर नाव कुणापुढं काढू नका, असं मी बजावलं. अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, रीतीनं करतो."

'रीतीनं' या शब्दाकडं माझं लक्ष जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीहून त्यांच्या वकीलसाहेबांचा फोन आला. फार अदबीचे गृहस्थ. "मॅडम, त्या नावाच्या शेजारी कोण कोण आहे?" मला वाटलं, माणसाला कुतूहल आहे. माझी शिकवायची खोड जात नाही. मी सांगितलं की त्याच नावाचं डॉट नेट मोकळं आहे, डॉट ऑर्ग एका जर्मन माणसाकडं आहे. "आणि उत्तर-दक्षिण?" मी म्हटलं, तिकडं काही नसतं हो. ते म्हणाले, "उत्तम, उत्तम," आणि फोन ठेवला.

नंतर एका सकाळी चहा घेताना मी पेपर उघडला. जाहीर नोटिशीचं पान मी सहसा वाचत नाही. त्या दिवशी नजर गेली आणि घोट घशातच राहिला.

'तमाम जनतेस कळविण्यात येते की, खाली नमूद केलेली डोमेन मिळकत आमचे अशील यांनी खरेदी करण्याचे निश्चित केले आहे.' आणि त्याखाली, ठळक अक्षरात, ते नाव! डॉट कॉमसकट! पुढं चतुःसीमा : 'पूर्वेस डॉट नेट (रिकामे). पश्चिमेस डॉट ऑर्ग (जर्मन इसम). दक्षिणेस व उत्तरेस खुले.' मग, 'पूर्वी सदर मिळकतीची वहिवाट एका परदेशी क्लबकडे होती. सदर मिळकतीवर कोणाचाही वारसा, गहाण, दान, लीज, पोटगी, कूळ अगर अन्य कोणताही हक्क असल्यास दोन आठवड्यांचे आत लेखी पुराव्यासह हरकत घ्यावी.' आणि शेवटी, 'मिळकत प्रत्यक्ष पाहणेचे ठिकाण : कांबळे सायबर, राजारामपुरी.'

जे नाव मी कागदावर लिहून फाडत होते, ते जिल्ह्यातल्या घराघरांत चहाबरोबर वाचलं जात होतं. मी चप्पल घातली की नाही आठवत नाही. दुकानात जाऊन आधी बाजार उघडला. नाव अजून होतं. किंमत तीच. मी कबनूरला फोन लावला.

"अण्णा, हे काय करून बसलात? कुणीही आता उचलंल ते! आत्ताच्या आत्ता हो म्हणा, मी घेते."

"असं कसं? नोटिशीची मुदत संपाय पायजे की."

"अहो, ही जमीन नाही! इथं नोटीस लागत नाही!"

"बाई, आमच्या घरात नोटीस दिल्याबिगार गोठ्याची भिंत बी घेत न्हाईत. आमच्या चुलत्यानं एकदा घेतली जागा तशीच. अजून तारखा चालू हायत. चुलतं गेलं, तारीख न्हाय गेली."

मी त्यांना बरंच बोलले. आता आठवून वाईट वाटत नाही. ते बोलण्यासारखंच काम होतं. पण अण्णा बधले नाहीत. तेव्हा परिस्थिती अशी झाली की, ज्याच्याकडं क्रेडिट कार्ड आहे असा कुठलाही माणूस त्या दोन आठवड्यांत एक बटण दाबून ते नाव नेऊ शकत होता, आणि आम्ही कायद्यानं हरकतींची वाट बघत बसलो होतो.

आणि हरकती आल्या! कोल्हापुरात जाहीर नोटीस आली आणि कुणी हरकत घेतली नाही, असं व्हायचं नाही. तो गावाचा अपमान होईल. पहिला आला तो अण्णांचा चुलतभाऊ भरमू. त्यानं टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आमचा हिस्सा हाय."

"कशात?"

"ह्यात." त्यानं कॉम्प्युटरकडं बोट केलं.

"भरमूदादा, हे परदेशातलं नाव आहे. तुमच्या वाडवडिलांचा काय संबंध?"

"असू दे की परदेशातलं. अण्णा एकटाच कसा खाणार?"

बेकरीवाले एक जण आले. हे नाव मला फार पूर्वी सुचलं होतं, घरात विचारा, म्हणाले. मुरगूडचे ते दूधवाले आले, त्यांना पूर्वेची रिकामी जागा हवी होती, डॉट नेट. "शेजार चांगला हाय न्हवं?" असं विचारून त्यांनी ते घेतलंसुद्धा. माणसं नुसती मिळकत बघायलाही यायची. मी पडद्यावरचं 'हे नाव विकणे आहे' एवढंच लिहिलेलं कोरं पान दाखवायची; ती मान हलवून म्हणायची, "जागा मोकळी हाय, बरी हाय."

मग एके दुपारी विलासराव आले. बरोबर बायको, राजारामपुरीत खरेदीला निघाले होते. विलासरावांनी खिशातून क्रेडिट कार्ड काढून टेबलावर टिचकी मारली. "नोटीस वाचली. बाळूअण्णाला कशाला पायजे हो डॉट कॉम? माग चालवू दे त्याला. करा आमच्या नावावर."

नाही म्हणता येत नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर दोन दुकानं सोडून पलीकडच्या कॅफेत बटण दाबलं गेलं असतं. अण्णांची ती लग्नातली पंगत डोळ्यांपुढं आली. पण धंद्याचा दुसरा नियमही होता : स्वस्त नाव घेणाऱ्याला ते स्वस्त का आहे, हे दाखवल्याशिवाय विकायचं नाही. जे अण्णांना दाखवलं तेच यांना दाखवायला हवं.

"करते की. पण आधीची वहिवाट बघून घ्या. नोटिशीत लिहिलंय तो क्लब."

"क्लब? मग चांगलंच हाय, बडी माणसं असतील. दाखवा."

मी जुनं पान उघडलं. वहिनी कौतुकानं त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. आकाश आलं. झाडं आली. वहिनी म्हणाल्या, "किती छान जागा आहे!" डोकी आली, खांदे आले, पाठी आल्या. मी लाइन तुटायची वाट बघत होते. त्या दिवशी लाइन तुटली नाही.

विलासरावांनी हातानं पडदा झाकायला बघितला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "हे आपल्या बारक्याच्या लेबलावर?"

विलासरावांनी कार्ड उचललं, ते आधी चुकून माझ्या पेनस्टँडमध्ये ठेवलं, मग खिशात घातलं. दोघं जिना उतरेपर्यंत वहिनींचा आवाज येत होता.

मी निःश्वास सोडला, पण तो लवकर सोडला. नाव मिळालं नाही म्हणून विलासराव गप्प बसणार नव्हते. बाळूअण्णा नागड्यांची जागा घेतोय, ही बातमी चार दिवसांत इचलकरंजी-कबनूरच्या प्रत्येक मागावर पोचली. माणसं अण्णांना रस्त्यात थांबवून म्हणायला लागली, "अण्णा, आमास्नी टॉवेल तेवडा ठेवा कमरंला." सुताच्या पेढीवर हशा. सोयऱ्यांचे फोन. ज्या माणसाचा आवाज गल्ली हलवायचा, तो माझ्याशी फोनवर हळू बोलायला लागला. मला त्याचंच वाईट वाटत होतं.

मुदत संपली त्या दिवशी अण्णा आले. मान खाली. बरोबर अव्वा होत्या, एकेक पायरी दम खात चढल्या आणि दाराशी आल्यावर म्हणाल्या, "जिना न्हवं, डोंगर हाय ह्यो."

"बाई, नको ते नाव," अण्णा म्हणाले. "लोक हसाल्यात. सांगाय आलो. अव्वा म्हणाली, मिळकत बघितल्याबिगार सोडायची न्हाय, म्हणून आणलं तिला."

अव्वांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढायला लावली. "दाव पोरी."

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी पान उघडलं. याही वेळी लाइन टिकली. अव्वा बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग त्यांचं अंग हलायला लागलं. मी घाबरले. त्या हसत होत्या.

"अगं बया! समदी माझ्या वयाची हायत की! मला वाटलं तरणी असतील." डोळे पुसून पुन्हा बघितलं. "आन् ह्यांच्यात कापड कोणच नेसत न्हाय?"

"नाही, अव्वा."

"मग बाळू, तुला कळतंय का? कपडेवाल्यास्नी टॉवेल आंगूळीपुरता लागतोय. ह्यास्नी दिवसभर लागत असंल. घे."

अण्णा वळले. "लोक हसत्यात, अव्वा."

"हसू देत. मी माग आणला तवा बी हसलं हुतं."

मी कार्ड नंबर घातला आणि बटण दाबलं. नाव अण्णांचं झालं. त्यांनी पिशवीतून नारळ काढला. म्हणजे मान खाली घालून आलेल्या माणसानं नारळ बरोबर आणला होता. तो ते मॉनिटरवर फोडायला निघाले, मी हात धरून उंबऱ्याकडं नेलं. भरमूची हरकत राहिली होती, ती मी दुसऱ्या दिवशी मिटवली. त्या नावाखाली त्याला एक ईमेलचा पत्ता काढून दिला, पुढं त्याचं नाव. त्याला ईमेल कधीच वापरता आलं नाही, पण हिस्सा मिळाला. वाटणी इतक्या शांततेत झाल्याचं त्या घराण्यात ते एकमेव उदाहरण.

वेबसाइट केली. घडी घातलेल्या टॉवेलांचे फोटो टाकले. जुन्या सवयीनं कुणी त्या पत्त्यावर ईमेल धाडलं तर ते एकाच पेटीत पडेल, अशी सोय केली. लोक थट्टा करत राहिले. काही महिने गेले आणि पेटीत एक इंग्रजी पत्र पडलं. त्या क्लबच्या जुन्या चिटणीसबाईंचं. मी अण्णांना समोर बसवून मराठीत वाचून दाखवलं. आमच्या जुन्या पत्त्यावर सहज डोकावले, आणि तिथं टॉवेल बघून फार हसले, असं त्यांनी लिहिलं होतं. क्लब बंद पडला असला तरी आम्ही उरलेले उन्हाळ्यात तळ्यावर जमतोच. आमच्यात कडक नियम आहे, प्रत्येकानं बाकावर आपापला टॉवेल अंथरूनच बसायचं. आमचे टॉवेल विरले आहेत. तुम्ही पाठवाल का?

अण्णांचा मागावरचा आवाज परत आला. "काय म्हनलोतो मी! ढिलं हुतं इणकाम!" आणि म्हणाले, "इचारा, लेबल केवडं पायजे? बारकं का मोठं?"

मी विचारलं. उत्तर दोन दिवसांनी आलं. मी ते आधी मनात वाचलं आणि मराठीत कसं सांगावं, तेच कळेना.

"काय म्हनत्यात?"

"अण्णा, माल पाठवा म्हणतात. पण लेबल नको."

"का?"

"टोचतं, म्हणतात. उघड्या अंगाला."

एवढं रामायण झालं ते ज्या चिंधीभर लेबलासाठी, तेच नको. कोल्हापूर जिल्ह्यात या माणसाला लेबल लावू न देणारे एक विलासराव होते, आणि आता जगाच्या टोकाला ही मंडळी निघाली. मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. टोपी घालून उठून गेले.

आठवड्यानं जिन्यावर पावलं वाजली. अण्णा आत आले आणि एक टॉवेल माझ्या हातात दिला. कोपरे उलटून बघितले, लेबल नव्हतं. मग त्यांनी किनार दाखवली. किनारीत, त्याच सुतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ते नाव विणलेलं होतं. पुन्हा पुन्हा, अखंड.

"गाल लावून बगा. टोचतंय का?"

मी गाल लावला. नाही टोचलं.

"अव्वानं रात्रभर उशाला घेतलाता," ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

तळ्याकाठच्या मंडळींना तो टॉवेल इतका आवडला की त्यांच्या ओळखीपाळखीत मागण्या वाढल्या. त्यातून अण्णा काही कोट्यधीश झाले नाहीत. चार मागांचे सहा झाले. आमचं दुकान मात्र हळूहळू ओसरलं. लोक आपापल्या घरून नावं घ्यायला लागले, आणि कुणाला थांबवून 'हे स्वस्त का आहे' असं विचारायला मधे माणूस उरला नाही, याची मला अजून हळहळ वाटते. शेवटी बोर्ड उतरवला. हातभर अक्षरांचा तो पत्रा गच्चीवर आहे, अवकाळी पाऊस आला की त्याखाली आमची वाळवणं सुरक्षित असतात.

मागं एकदा आम्ही दोघं इचलकरंजीत एका लग्नाला गेलो. आमच्या ह्यांना आहेर आला, टॉवेल-टोपी. घरी येऊन घडी उलगडली तर कोपऱ्यात ते चकचकीत लेबल, विलासरावांच्या मुलाचं नाव. जुनी सवय, विलासराव अजून अण्णांकडूनच माल उचलतात. पण अण्णा आता सगळाच माल त्या किनारीचा विणतात. लेबल शिवायला कोपरा आहे. नाव झाकायला जागा नाही.

मी नखानं लेबलाचा टाका उसवला. टॉवेल रोज वापरात आहे. किनारीवरचं नाव काय, ते मात्र इथंही लिहिणार नाही, नियम म्हणजे नियम. कधी घरी या. हात धुवायला मोरीवर जाल तेव्हा देते तोच.